पेन्सिलीच्या सहा रेघा

महाराजपुर, जबलपूर
रविवार, ८ फेब्रुवारी १९९८

ती. इंदिराताई,

नमस्कार. बारा जानेवारीच्या पत्रात मी तुम्हाला कळवलं होतं, की तीन तारखेला अंजूवहिनी शैलूला ओट्यावर एकटं टाकून निघून गेली आणि तो तासभर थंडीत रडत होता. हे चूक आहे. शैलू एक क्षणही एकटा नव्हता.

मी ते पाहिलं नव्हतं. त्या दुपारी मी कामावर होते. आईने सांगितलं तसं लिहिलं, पण ‘आई म्हणते’ हे दोन शब्द लिहिले नाहीत. त्यामुळे मी तिथे उभी होते असंच तुम्हाला वाटलं असणार.

आमच्या शेजारच्या राधाबाई चार जानेवारीलाच भाचीच्या बाळंतपणासाठी कटनीला गेल्या होत्या, त्या परवा परतल्या. गच्चीवर कपडे वाळत घालताना मी सहज म्हटलं, “उस दिन आपने बच्चे को उठा लिया, अच्छा हुआ.” तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

“उठाया कहाँ से? बहूजी खुद हमारी गोद में दे गईं. टोपा पहनाया, शीशी पकड़ाई. बोलीं, जब तक माँजी मंदिर से न आएँ, नीचे मत रखना. हमने पूछा, जा कहाँ रही हो? बोलीं, इससे दूर.”

“ये आपने माँ को बताया नहीं?”

“माँजी सुनें तब ना! बच्चा छीना और भीतर. हमारे मुँह पे किवाड़.”

म्हणजे आई परतली तेव्हा राधाबाई आमच्या ओट्यावर शैलूला घेऊन बसलेल्या होत्या. रडणारं बाळ शेजारणीने ओट्यावरून उचललं, असं आईने धरलं. आई खोटं बोलली नाही. तिने विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

‘इससे दूर’ या शब्दांचा अर्थ मला लागत नाही. ऐकले तसे लिहिले आहेत.

शैलू बरा आहे. उद्या चार महिन्यांचा होईल. बाटलीचं दूध घेतो. वहिनी माहेरी तुमच्याकडे आल्यापासून आईच त्याचं सगळं करते. दादा रिछाईचा कारखाना सुटला की घरी येतो आणि त्याला मांडीवर घेऊन बसतो. आमच्या घरात ज्यांचा शब्द चालतो ते पुंडलिककाका होळीच्या आधी येणार आहेत. ते आले की शैलूचं काय ठरवतील याची मला काळजी वाटते, म्हणून ही दुरुस्ती आधी तुमच्या हाती असावी.

आपली,
विनता


हिंगणघाट
१४ फेब्रुवारी १९९८

चि. विनता,

तुझं पत्र मिळालं. चूक कबूल केलीस, बरं केलंस. पण तुझं पहिलं पत्र आमच्या बाबांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं होतं. अंजू तिथेच मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. मी विचारलं, “अंजू, असं झालं का वं?” तर म्हणे, “विनूने लिहिलं ना? मग असंच झालं असन.”

समजतं का तुला? तुझ्या अक्षरावर तिचा एवढा भरवसा, की तिने स्वतःची आठवण बाजूला ठेवली. महिनाभर ती धरून बसली, की आपण लेकरू थंडीत टाकून आलो.

तुझं आताचं पत्र मी तिला दोनदा वाचून दाखवलं. टोप्याचं ऐकलं तेव्हा म्हणाली, “हो, पिवळा टोपा होता.” मग रडली. इथे आल्यापासून पहिल्यांदा रडली. तुमच्याकडे बाळंतिणीने रडू नये म्हणतात ना, दूध आटतं म्हणून? सासूबाईंना सांग, सून न रडता राहिली, तरी काही भलं झालं नाही.

‘इससे दूर’चा अर्थ तुला लागला नाही. तू एवढी शिकलेली पोरगी! मला तरी कुठे लागला होता? दोन दिवस तिच्याजवळ बसले तेव्हा बोलली. विळी दिसली की तिच्या मनात भलतंच चित्र यायचं. तिने विळी माळ्यावर टाकली, तर शैलूला न्हाऊ घालायचं पाणी दिसलं की तेच. “ताई, मले तसं करायचं नव्हतं. पण माझे हातच मले परके वाटून राहिले होते.” त्या दिवशी घरात कोणी नव्हतं, तर तिने लेकरू भरवशाच्या बाईच्या मांडीवर दिलं आणि स्वतःला उचलून घराबाहेर नेलं, पनागरच्या बसस्टँडपर्यंत, पायी. तुमचे दादा स्कूटर घेऊन गेले आणि तिला पाहून पहिला शब्द काय बोलले? “घर की इज्जत का कुछ खयाल है?”

तिला दूध येतं अजून. सकाळी पिळून वाटीत काढते आणि तुळशीच्या मुळाशी घालते. मोरीत टाकवत नाही म्हणते. तिकडे तुम्ही शैलूची संक्रांतीची लूट केली म्हणे, हलव्याचे दागिने घालून, डोक्यावरून बोरं-मुरमुरे ओतून. काळं झबलं मीच शिवून पाठवलं होतं. आई नसताना लूट करायला तुमचे हात कसे उठले?

एक विचारते. काल अंजू आपणहून म्हणाली, “विनूने माझ्या रेघा खोडल्या.” कसल्या रेघा म्हटलं, तर उठून आत गेली. तू काय खोडलंस?

इंदिराताई


महाराजपुर, जबलपूर
गुरुवार, १९ फेब्रुवारी १९९८

ती. इंदिराताई,

तुमच्या पत्रातलं सगळं मला लागू आहे. लुटीच्या दिवशी फोटो मी काढले, हेही त्यात जोडा.

रेघांबद्दल सांगते. माझं काम तुम्हाला थोडंसंच माहीत आहे. मागच्या मे महिन्यात इथे भूकंप झाला, तेव्हा कितीतरी गर्भार बायका आठवडेच्या आठवडे मैदानात, ताडपत्रीखाली झोपल्या. त्या बाळंत झाल्यावर त्यांच्या मनावर आणि शरीरावर काय उरलं, हे आमच्या कॉलेजातल्या भानुमती मॅडम तपासत आहेत. माणूस ताणाखाली असला की शरीरात कॉर्टिसोल नावाचा रस वाढतो, तो थुंकीतही उतरतो. एरवी तो सकाळी उठल्यावर भरपूर असतो आणि दिवस मावळेपर्यंत उतरत जातो. म्हणून बाईने सहा दिवस सकाळी उठल्याउठल्या, तोंडात काही घालण्याआधी, एका नळीत थुंकी द्यायची आणि दिवेलागणीला दुसऱ्या नळीत. नळ्या बर्फात ठेवून मी नेते. त्यासोबत एक कागद असतो. त्यात ‘उठण्याची वेळ’ असा रकाना आहे.

वहिनीला मीच यात घेतलं. सतरा ते बावीस नोव्हेंबर, सोमवार ते शनिवार. सव्वा महिना तेव्हा नुकताच संपत होता. सुरुवातीला तिला गंमत वाटायची. “विनू, तुझ्या कॉलेजात दुसरं काही मिळालं नाही का गं, लोकाइच्या थुंकीशिवाय?” म्हणायची. आई तिला सकाळी आधी बाळंतशोपा खायला द्यायची, ते मी थांबवलं. त्यावरून आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

शनिवारी मी कागद घेतला. उठण्याच्या वेळेच्या रकान्यात सहाही दिवस वहिनीने पेन्सिलीने नुसती आडवी रेघ मारली होती. वेळ नाही. मी विचारायला गेले तेव्हा ती शैलूला पाजत होती आणि आई शेगडी फुंकत होती. आई म्हणाली, “काहून तिले विचारतेस? रोज पाच वाजता मीच तर काढा नेऊन देते.” मी वहिनीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

रकाना रिकामा ठेवता येत नाही. मी रेघा रबराने खोडल्या आणि सहा ठिकाणी ‘५.००’ लिहिलं. वेळेची नोंद पुरी करणं हे माझं कामच होतं. रेघांचा काही वेगळा अर्थ असेल असं मला वाटलं नाही.

पुंडलिककाका मार्चच्या अकरा तारखेला, बुधवारी येतील.

आपली,
विनता


हिंगणघाट
२६ फेब्रुवारी १९९८

चि. विनता,

थोडक्यात लिहिते, शाळेत परीक्षेची कामं आहेत.

अंजूला मी नागपूरला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबा आधी नको म्हणत होते, “लोक काय म्हणतील.” मी म्हटलं, “लोक तर म्हणूनच राहिले, बाबा. आता डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू.” डॉक्टरीणबाई भल्या निघाल्या. त्यांनी आधी मला बाहेर बसवलं आणि तिच्याशी एकटीशी बोलल्या. एवढं मात्र तुमच्या घरात कोणी केलं नाही. हा आजार आहे, बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना होतो, बरा होतो, असं त्यांनी सांगितलं. तिच्या मनात येणाऱ्या चित्रांना ती स्वतःच घाबरते, यावरूनच तिची माया कळते, असंही म्हणाल्या. गोळ्या दिल्या आहेत. चार-पाच रात्री झोपली. तिला घोरताना ऐकून मी देवापुढे साखर ठेवली.

लेकरू तिच्याजवळ असायला हवं, असं त्यांचं मत पडलं. सुरुवातीला दोघांजवळ कोणीतरी तिसरं माणूस पूर्णवेळ हवं. मी शाळेत जाते, बाबा आता थकले, हे मी त्यांना सांगितलं.

त्यांनी विचारलं, झोप कधीपासून गेली? कुठे लिहून ठेवलं आहे का? अंजू म्हणाली, “लिहिलं होतं. सहा दिवस. झोपलीच नाही तर उठायची वेळ काय लिहू? म्हणून रेघ मारली. वाटलं, विनू विचारन.”

मी तुला रागावत नाही. ती वेळ गेली. पण तुझ्या मागच्या पत्रात एक वाक्य मला रुचलं नाही. कोणतं, ते तुझं तू शोध.

तुझ्या पुंडलिककाकांचं पत्र आलं. मुलाचा ताबा जबलपूरला राहील, आईने हक्क सांगू नये, अशा कागदावर अंजूची सही मागितली आहे. तिच्या वागण्याचा पुरावा म्हणून काय जोडलंय माहीत आहे? तुझ्या बारा जानेवारीच्या पत्राची नक्कल. ते पत्र टाकण्याआधी तू घरी वाचून दाखवलं होतंस का?

तीन दिवसांपासून अंजू तुळशीपाशी जात नाही. मला वाटलं विसरली. विचारलं तर म्हणाली, “आता येत नाही, ताई.”

इंदिराताई


महाराजपुर, जबलपूर
बुधवार, ४ मार्च १९९८

ती. इंदिराताई,

हो, पत्र टाकण्याआधी मी ते घरी वाचून दाखवलं होतं. आई म्हणाली, “एक नक्कल ठेव.” मीच ती माझ्या हाताने उतरवली.

तुम्हाला न रुचलेलं वाक्य मी शोधलं. ‘रेघांचा काही वेगळा अर्थ असेल असं मला वाटलं नाही.’ हे खोटं आहे. मला वाटलं होतं.

आम्हाला वडिलांनी, अण्णांनीच, घरी शिकवलं, हे वहिनीने सांगितलं असेल. इथल्या शाळा हिंदी, म्हणून पाचवीपर्यंत मी त्यांच्यासमोर पाटीवर आणि मग वहीत मराठी लिहायला शिकले. त्यांचा एकच नियम होता. चुकलं तर रबर लावायचं नाही. चुकलेल्यावर एक रेघ मारायची, वर बरोबर ते लिहायचं, आणि खालचं वाचता आलं पाहिजे. “माणूस कुठे चुकलं ते दिसायला पाहिजे, पोरी,” असं म्हणायचे. माझ्या कंपासपेटीत कधी रबर नव्हतं. त्या शनिवारी मी दादाकडून ते मागून आणलं. ज्याला फक्त वेळ लिहायची आहे, तो रबर मागायला जात नाही.

आमच्या कामाच्या सूचनांत सातवा मुद्दा आहे. सलग तीन रात्री झोप नाही असं दिसल्यास त्याच दिवशी मॅडमना कळवावे, त्या घरी जाऊन बाईशी एकांतात बोलतील. मला तो तोंडपाठ आहे. दुसऱ्या घरांत मी तो दोनदा वापरला. वहिनीच्या बाबतीत सहा रेघा होत्या. मॅडम आमच्या घरी येतील, आईला खोलीबाहेर बसायला सांगतील, वहिनी काय सांगेल आणि मग उद्या कॉलेजात मॅडम माझ्याकडे कशा बघतील, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे एका क्षणात आलं. मी पाच वाजले असं लिहिलं, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

अजून एक आहे. जानेवारीत निकाल आले. वहिनीच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या आकड्यांत फरकच नव्हता. मॅडमनी मला बोलावून विचारलं, “नळ्यांची अदलाबदल झाली का? की वेळ पाळली नाही?” मी म्हटलं, “माझी वहिनीच आहे, मॅडम. जरा निष्काळजी आहे.” त्यांनी तिचे बारा आकडे कामातून वगळले. वहिनी तेव्हा तुमच्याकडे येऊन आठवडा झाला होता.

सोमवारी मी मॅडमना हे सांगितलं. कपाटातून कागद काढून खिडकीशी धरला. पेन्सिल गेली आहे, पण वहिनीने रेघा दाबून मारल्या होत्या, ‘५.००’च्या खाली सहाही खाचा दिसतात. मॅडमनी त्या खाचांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “बेटा, थूक से कोई बीमारी नहीं पकड़ी जाती. एका बाईच्या आकड्यांवरून मी काहीच सांगू शकले नसते. पण या रेघा तू मला दाखवल्या असत्या, तर मी त्याच संध्याकाळी आले असते.” मी इतके दिवस त्या आकड्यांच्या मागे होते, आणि तिने तर साध्या पेन्सिलीने लिहून दिलं होतं.

या कामात मी आता नाही. मॅडमनी काढलं असं नाही, मीच म्हटलं आणि त्यांनी थांबवलं नाही. माझ्या हातची बाकीची चौतीस घरं त्या पुन्हा तपासणार आहेत. कागदाची नक्कल, खाली त्यांची सही आणि माझा खुलासा, असं तुमच्या डॉक्टरीणबाईंसाठी या पत्रासोबत ठेवलं आहे.

काल जेवताना घरी सांगितलं. आई म्हणाली, “म्हणजे माझंच चुकलं म्हण ना! काढा देत होते ते चुकलं, राबत होते ते चुकलं.” मी म्हटलं, “काढा द्यायला रोज पाचला जायचीस, तेव्हा ती झोपलेली असायची का?” आई ताटावरून उठली. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, “बसलेली असायची. वाटायचं, भूकंपाची भीती असन. तेव्हा कोण झोपत होतं?” मग म्हणाली, “माझ्याही वेळी मी बसूनच राहत होती, तुझ्या दादाच्या, श्रीकांतच्या वेळी. मले कोणी विचारलं होतं?” हे तिने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

दादा शैलूचं तोंड पुसत होता. मी त्याला म्हटलं, “शैलूला मी वहिनीकडे नेते. तिसरं माणूस म्हणून मी तिथे राहते, लागतील तितके महिने.” तो म्हणाला, “काका येत आहेत अकराला.” मी म्हटलं, “म्हणूनच त्याच्या आधी.” त्याने शैलूला माझ्या मांडीवर दिलं. मग खिशातून वहिनीने विणलेला तो पिवळा टोपा काढून माझ्यासमोर ठेवला. इतके दिवस तो त्याच्याजवळ होता, हे आम्हाला माहीत नव्हतं. म्हणाला, “आईसमोर हो म्हणवत नाही, विनू. बस तक छोड़ दूँगा.” मी त्याला सांगितलं, की काकांच्या कागदावर तूही सही करायची नाही. त्याने मान हलवली. मान हलवली एवढंच मी लिहू शकते, त्याहून जास्त नाही.

अण्णांनी सगळं ऐकलं. निजायला जाताना माझ्या खोलीच्या दारात थांबले आणि म्हणाले, “बारा जानेवारीच्या पत्रावर रेघ मारून, वर बरोबर ते लिहून, खाली सही कर. काकांना मी देईन.” तसं केलं आहे. खालचं वाचता येतं.

वहिनीला माझी क्षमा मागणारं पत्र तीनदा लिहिलं आणि फाडलं. त्यात प्रत्येक वेळी मीच जास्त दिसत होते. तिला एवढंच सांगा, की रेघा सहा होत्या आणि विनूला त्या वाचता आल्या होत्या. यानंतर तिला माझं तोंड पाहायचं नसेल, तर मी शैलूला तुमच्या हाती देऊन धर्मशाळेत उतरेन आणि दुसरं माणूस मिळेपर्यंत रोज दारात येऊन बसेन. तिचं दूध गेलं ते मला परत आणता येणार नाही.

शैलूला हल्ली कुशीवर वळता येतं. बाटली कोमट लागते. अनोळखी माणसाने घेतलं तर आधी रडतो, म्हणून वहिनीकडे बघून रडला तर तिने मनाला लावून घेऊ नये, हे तिला आधीच सांगून ठेवा.

शिवनीमार्गे नागपूरची बस सकाळी सहाला सुटते. मी शैलूला घेऊन मंगळवारी, दहा मार्चला निघते.

विनता